शिणलेल्या माणसाचा रविवार

दिवाळीच्या फराळाला चार माणसे जमली, की पहिली पाच मिनिटे चकलीला काटा नीट आला आहे की नाही या चर्चेत जातात आणि सहाव्या मिनिटाला राजकारण निघते, असा आपल्याकडचा जुना रिवाज. पूर्वी ते एकदा निघाले, की चहाच्या दोन फेऱ्या झाल्याशिवाय थांबत नसे. हल्ली मात्र निराळीच चाल पडली आहे. कोणी विषयाला तोंड फोडले, की दुसरे कोणी हात जोडते आणि म्हणते, "राजकारण तेवढे नको बुवा! सणाचा दिवस आहे." सगळे सुटल्यासारखे हसतात आणि चिवड्याचा डबा पुढे सरकतो.

हा नुसता आळस असता तर मी त्यावर लेखणी झिजवली नसती. पण "नको बुवा" म्हणणाऱ्यांपैकी कितीतरी जण पूर्वी उन्हातान्हात हिंडलेले असतात. कोणी निवडणुकीच्या चिठ्ठ्या घरोघर पोचवल्या, कोणी नळाच्या पाण्यासाठी सह्या गोळा केल्या, कोणी सभेच्या सतरंज्या अंथरल्या आणि रात्री झटकून परतही केल्या. जो कधी चाललाच नाही, त्याचे पाय दुखत नाहीत. शिणतो तो चाललेला माणूस. आणि एवढे चालून त्याला दिसते काय? काल ज्याच्या नावाने बोटे मोडली त्याच्याच गळ्यात आज हार. ज्या पक्षापायी सख्ख्या भावाशी अबोला धरला त्या पक्षाची दोन शकले. आणि हातातल्या फोनवर उजाडल्यापासून निजेपर्यंत भांडण. मग तो म्हणतो, पुरे झाले.

माझ्या ओळखीचे एक ख्रिस्ती गृहस्थ आहेत. वस्तीच्या प्रश्नांसाठी वीसएक वर्षे झटलेले. यंदा त्यांनी सगळ्या समित्या सोडल्या. मी कारण विचारले तेव्हा शांतपणे म्हणाले, "अहो, लोक धरून राजा करतील म्हणून आमचा प्रभूसुद्धा एकटा डोंगरावर निघून गेला. मग मीच का या चिखलात उभा राहू? दोन घटका प्रार्थना करीन, चर्चमधल्या गोरगरिबांचे पाहीन. राज्य कोणाचे का येईना!"

मी ख्रिस्ती नव्हे. त्यामुळे त्यांना त्यांचाच धर्म समजावून सांगण्याच्या भानगडीत मी पडलो नाही. पण त्यांचा प्रश्न माझ्या मनातून जाईना. देवावर मनापासून विश्वास असणाऱ्या माणसाला राजकारणाचा वीट आला, तर त्याने काय करावे? हाच प्रश्न १७८५ सालच्या डिसेंबरात लंडनमध्ये सव्वीस वर्षांच्या एका तरुणाने एका वयस्क पाद्र्याला विचारला होता. त्या भेटीचे पुढे जे झाले ते ऐकण्यासारखे आहे.

तरुणाचे नाव विल्यम विल्बरफोर्स. हल नावाच्या बंदरातल्या सधन व्यापाऱ्याचा मुलगा. १७८० साली, वयाची २१ वर्षे पुरी होतात न होतात तोच स्वारी पार्लमेंटात निवडून आली. शरीर किरकोळ, डोळे अधू, पण गाणे गोड आणि भाषण त्याहून गोड. त्याचा जिवलग मित्र विल्यम पिट हा १७८३ च्या डिसेंबरात, अवघ्या २४ व्या वर्षी इंग्लंडचा पंतप्रधान झाला. म्हणजे विल्बरफोर्सच्या दारात मोठेपण चालत येणार यात कोणाला शंका नव्हती. क्लब, पत्ते, जेवणावळी आणि मध्यरात्रीपर्यंत गप्पा, असे दिवस चालले होते.

अशातच युरोपच्या प्रवासात आयझॅक मिल्नर या विद्वान मित्राबरोबर धर्माची पुस्तके वाचता वाचता त्याचे मन पालटले. आपण देवाने दिलेला वेळ उधळतो आहोत, ही टोचणी लागली. पार्लमेंट नकोसे झाले. राजकारण सोडावे आणि ईश्वरचिंतनात राहावे, असा विचार बळावला. त्याने पिटला तसे पत्र लिहिले. पिट फारसा धार्मिक नव्हता, पण मित्र सच्चा होता. ख्रिस्ती धर्म माणसाला नुसत्या चिंतनाकडे नव्हे तर कृतीकडेही नेतो ना, अशा अर्थाचे समजूतदार उत्तर त्याने पाठवले.

तरीही मनाचे समाधान होईना, म्हणून विल्बरफोर्स जॉन न्यूटनकडे गेला. कोणी पाहू नये म्हणून गुपचूप गेला आणि दार ठोठावण्यापूर्वी धीर गोळा करीत चौकाला एकदोन प्रदक्षिणा घातल्या! हा न्यूटन म्हणजे कोण? तरुणपणी तो गुलाम वाहून नेणाऱ्या जहाजांचा कप्तान होता. पुढे ते काम सोडून पाद्री झाला. 'अमेझिंग ग्रेस' हे जगभर गायले जाणारे भजन त्याचेच. अशा माणसाने "ये बाबा, सोड तो संसार" असे म्हटले असते तर नवल नव्हते. न्यूटनने उलट सांगितले: आहेस तिथेच राहा, देवाला तुझा उपयोग तिथेच असेल.

विल्बरफोर्स राहिला. दोन वर्षांत त्याला आपले काम सापडले: ब्रिटिश जहाजांतून चालणारा गुलामांचा व्यापार बंद पाडणे. आफ्रिकेतून माणसे पकडून आणायची, साखळदंडाने बांधून जहाजाच्या तळाशी दाटीवाटीने निजवायची आणि वेस्ट इंडिजच्या उसाच्या मळ्यांवर विकायची, असा हा धंदा. त्यावर बंदरे पोसली जात होती, श्रीमंतांचे वाडे उठत होते. ही लढाई त्याने एकट्याने सुरू केली असे मात्र नव्हे. १७८७ साली लंडनमध्ये या कामासाठी जी मंडळी स्थापन झाली, तिच्या बारा संस्थापकांपैकी नऊ जण क्वेकर या लहानशा ख्रिस्ती पंथाचे होते. टॉमस क्लार्कसन हा तरुण घोड्यावर बसून बंदराबंदरांतून हिंडत होता, खलाशांकडून माहिती काढीत होता आणि बेड्या अन् साखळ्या पुरावा म्हणून गोळा करीत होता. ओलाउडा इक्वियानो या पूर्वी गुलाम असलेल्या माणसाने १७८९ साली आपली कहाणी छापली आणि ती घरोघर वाचली गेली.

त्याच साली विल्बरफोर्सने कॉमन्स सभेत साडेतीन तास भाषण केले. त्याची वाहवा झाली आणि प्रश्न चौकशीवर गेला. (चौकशी ही वस्तू आपल्याकडेच निघाली, असा ज्यांचा समज असेल त्यांनी तो सोडावा!) १७९१ मध्ये मतदान झाले: बाजूने ८८, विरुद्ध १६३.

यानंतर एक गोष्ट घडली ती आपल्या गृहिणींनी मुद्दाम वाचावी. पार्लमेंटने पाठ फिरवली, तेव्हा लोकांनी साखर सोडली! गुलामांच्या घामाची साखर आमच्या चहात नको, असे म्हणून क्लार्कसनच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ३,००,००० माणसांनी ती वर्ज्य केली. बायकांना त्या काळी मताचा अधिकार नव्हता, पण साखरेचे भांडे त्यांच्याच ताब्यात होते. १७९२ साली पार्लमेंटपुढे अर्जांचे ढीग पडले. तेव्हा हेन्री डंडास या मुत्सद्दी मंत्र्याने ठरावात एकच शब्द घातला: 'हळूहळू'. व्यापार बंद व्हावा, पण हळूहळू! ठराव २३० विरुद्ध ८५ मतांनी पास झाला आणि प्रत्यक्षात जहाजे पूर्वीसारखीच चालू राहिली. एखाद्या कामाला उघड नकार देण्यापेक्षा 'हळूहळू' म्हणणे किती सोयीचे असते, हे कचेरीत फाइलमागे हिंडलेल्या कोणालाही सांगायला नको.

१७९६ साल उजाडले. या वेळी जिंकणार अशी खात्री होती. मते मोजली तेव्हा ७० विरुद्ध ७४. केवळ चार मतांनी हार! बाजूचे सभासद कोठे होते? काही गावी गेले होते आणि काही त्या रात्री नवा विनोदी ऑपेरा पाहत बसले होते. ऑपेरात बसले होते तेवढे आले असते तरी काम झाले असते, अशी नोंद विल्बरफोर्सने रोजनिशीत केली. विरोधकाने पाडले तर माणूस धूळ झटकून उठतो. आपलाच माणूस नाटकाला गेला म्हणून पडलेला लवकर उठत नाही. विल्बरफोर्सने अंथरूण धरले. निवृत्त व्हावे हा जुना विचार पुन्हा डोके वर काढू लागला. तेव्हा सत्तरी ओलांडलेल्या न्यूटनने पुन्हा पत्र लिहिले आणि परक्या राजाच्या दरबारात राहून देवाची सेवा करणाऱ्या दानिएलाची आठवण दिली.

क्लार्कसनची कथा आणखी निराळी. सात वर्षांच्या वणवणीने तो इतका खचला, की १७९४ साली त्याने काम सोडले आणि इंग्लंडच्या उत्तरेकडे एका तळ्याकाठी शेती करीत राहिला. लग्न केले, जमीन नांगरली. आणि मग १८०४ साली तो परत आला आणि पुन्हा घोड्यावर बसला! मधल्या दहा वर्षांसाठी इतिहासाने त्याला पळपुटा म्हटलेले नाही.

आता विल्बरफोर्स स्वतः कसा टिकला ते पाहू. प्रकृती अशी की आतड्याच्या दुखण्यावर वैद्याने अफू लिहून दिलेली. वर्तमानपत्रांत टवाळी, धमक्या, वर्षामागून वर्षे हार. मला तर त्याच्या टिकण्याची दोन साधी कारणे दिसतात. एक म्हणजे शेजार. लंडनजवळच्या क्लॅपम गावात हेन्री थॉर्नटन, झॅकरी मॅकॉले अशी समविचारी कुटुंबे जवळजवळ राहत. एकमेकांच्या घरी जेवण, प्रार्थना, मुलांचा गोंधळ आणि त्यातच कागदपत्रांचा अभ्यास. हा झॅकरी म्हणजे आपल्याकडे इंग्रजी शिक्षणावरून ज्याचे नाव निघते त्या मॅकॉलेचा बाप.

दुसरे कारण रविवार. रविवारी विल्बरफोर्स राजकारणाला हात लावीत नसे. उपासना, वाचन, घरची माणसे, फिरणे. १८०१ मध्ये मंत्रिमंडळ बदलले तेव्हा आपल्यालाही पद मिळेल, या कल्पनेने त्याचे डोके काही दिवस फिरले होते. रविवार आला, तो देवापाशी बसला आणि पदाचे खरे माप त्याच्या ध्यानात आले, असे त्याने रोजनिशीत लिहिले आहे. पुढे १८२२ साली परराष्ट्रमंत्री कॅसलरे याने कामाच्या ओझ्याखाली मन बिघडून जीव दिला, तेव्हा या गृहस्थाने मनाला आठवड्यातून एक दिवस सोडले असते तर ते तुटले नसते, असे विल्बरफोर्स हळहळून म्हणाला होता.

या रविवारात मला ख्रिस्ती श्रद्धेचे एक मोठे व्यावहारिक शहाणपण दिसते. आठवड्यातला एक दिवस काम थांबवायचे, म्हणजे मनाशी कबूल करायचे की जग माझ्यावाचून चालते आहे आणि ते चालवणारा दुसरा आहे. राजकारणात आपण थकतो ते कामाने कमी आणि अपेक्षेने जास्त. एका निवडणुकीने स्वर्ग उतरावा, एका पुढाऱ्याने तारावे, अशी आपली आशा असते. ती मुळात देवाकडून करायची आशा. तिचे ओझे एखाद्या पक्षाच्या खांद्यावर टाकले तर तो वाकणारच, आणि आपण चिडणारच. तारणाचा हिशेब देवाकडे सोपवला, की राजकारणाकडे उरते ते साधे काम: अमुक एक अन्याय थांबवणे, तमुक एक कायदा करून घेणे. ते सोमवारी करता येते. आणि डोंगरावर प्रार्थनेला गेलेला येशू दुसऱ्या दिवशी खाली लोकांत होता, हेही त्याच ग्रंथात लिहिलेले आहे.

अखेर २३ फेब्रुवारी १८०७ च्या रात्री कॉमन्स सभेत मते मोजली गेली: २८३ विरुद्ध १६. सभागृह त्याच्यासाठी जयघोष करीत होते आणि विल्बरफोर्स डोके हातात धरून रडत होता. पहिल्या भाषणाला अठरा वर्षे होत आली होती.

एवढे सांगून थांबलो तर गोष्ट फार गोड होईल आणि अपुरीही राहील. या धर्मनिष्ठ माणसाची नजर सगळीकडे सारखी पोचत नव्हती. इंग्लंडातल्या कामगारांच्या संघटनांवर बंदी घालणाऱ्या १७९९ च्या कायद्याला त्याचा पाठिंबा होता. स्त्रियांनी घरोघर सह्यांसाठी हिंडणे त्याला पसंत नव्हते. १८१३ साली कंपनीच्या सनदेच्या वेळी मिशनऱ्यांना हिंदुस्थानात मोकळीक मिळावी म्हणून त्याने जोर लावला, तेव्हा हिंदू धर्माविषयी तो जे बोलला ते आज वाचताना आपल्याला बोचते. श्रद्धा माणसाला टिकवते, पण सर्वज्ञ करीत नाही.

शिवाय १८०७ मध्ये बंद झाला तो व्यापार; मळ्यांवरची गुलामी तशीच होती. ती 'हळूहळू' जावी असे खुद्द चळवळीतले पुढारीही म्हणू लागले होते. तेव्हा १८२४ मध्ये लेस्टर गावच्या एलिझाबेथ हेरिक या क्वेकर बाईने हळूहळू नव्हे, ताबडतोब, असे ठणकावणारे पत्रक छापले आणि साखरेवरचा बहिष्कार पुन्हा उभा केला. आणि १८३१ च्या नाताळात जमेकाच्या मळ्यांवर सॅम शार्प नावाचा गुलाम उठला. तो बाप्टिस्ट चर्चचा सेवक होता. नाताळनंतर कामाला हात लावायचा नाही, असा त्याचा बेत. त्यातून बंड पेटले, शेकडो माणसे मारली गेली आणि २३ मे १८३२ रोजी शार्पला फाशी झाली.

विल्बरफोर्स, न्यूटन आणि शार्प हे तिघे एकाच प्रभूचे नाव घेत होते. पण पहिल्या दोघांना दमलो म्हणायची मुभा होती. शार्पला राजकारणाचा कंटाळा येऊन चालण्यासारखे नव्हते. त्याच्या पाठीवरचा चाबूक हेच राजकारण होते. "राज्य कोणाचे का येईना" हे वाक्य ज्याच्या घरी नळाला पाणी येते, मुलाला शाळा आहे आणि रात्री दार वाजले तर छातीत धडकी भरत नाही, त्यालाच म्हणता येते. आपण राजकारण सोडले तरी ते ज्यांना सोडत नाही, अशी माणसे आपल्या गल्लीच्या टोकाला राहत असतात. कंटाळा ही सुद्धा एक ऐपत आहे.

विल्बरफोर्सने १८२५ साली पार्लमेंट सोडले, पण त्याआधी काम टॉमस बक्स्टन या तरुण सभासदाच्या हाती नीट सोपवले होते. गुलामी संपवणारा कायदा आता पास होणार, ही बातमी त्याला २६ जुलै १८३३ रोजी कळली; २९ तारखेला तो वारला. त्या कायद्याने सुमारे आठ लाख माणसे सुटायची होती. भरपाई म्हणून २ कोटी पौंड दिले गेले, पण गुलामांना नव्हे, मालकांना! आणि कंपनीच्या ताब्यातला हिंदुस्थान त्या कायद्यातून वगळला होता. आपल्याकडे गुलामीची कायदेशीर मान्यता गेली ती १८४३ च्या निराळ्या कायद्याने. म्हणजे शेवट गोड झाला म्हणावे, तरी पुढच्यांना काम उरलेच होते.

हे दूरदेशीचे उदाहरण झाले म्हणाल, तर आपली वसई काही लांब नाही. तिथल्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसई संरक्षण समितीच्या चळवळीत बेसुमार बांधकाम, पाण्याचा उपसा आणि दहशत यांविरुद्ध लोकांना उभे केले. कॅथलिक चर्चच्या नियमाप्रमाणे धर्मगुरूला सत्तेचे पद घेता येत नाही. पण झाडांसाठी आणि विहिरींसाठी बोलायला पद लागते कोठे? त्याच फादरांनी 'सुवार्ता' मासिक चालवले आणि मेजापाशी बसून 'सुबोध बायबल' मराठीत आणले. त्याला २०१३ सालचा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले आणि २५ जुलै २०२४ रोजी त्यांचे निधन झाले. चळवळीची सभा आणि एकांतातली लेखणी, दोन्ही एकाच आयुष्यात मावली.

तेव्हा वाचकहो, दमला असाल तर खुशाल बसा. चार दिवस वर्तमानपत्र उघडू नका, फोन उशाखालून काढून कपाटात ठेवा, ज्याचा जो देव असेल त्याच्यापाशी किंवा घरच्या माणसांत निवांत बसा. त्यात भित्रेपणा नाही. फक्त उठायचा वार ठरवून ठेवा. सगळा देश सुधारण्याचा मक्ता घेऊ नका. एकच प्रश्न निवडा, सोबतीला दोन घरे घ्या, आणि आपल्यानंतर ते काम कोण पाहील त्या पोराचे नाव आताच हेरून ठेवा. क्लार्कसनला तळ्याकाठी दहा वर्षे लागली. आपल्याला कदाचित तुळशीच्या लग्नापर्यंतची सुट्टी पुरेल.